डीझेल मालमोटारींचे उत्सर्जन : नियमभंग व दंड

डीझेल एंजिनाच्या निष्कास वायूंतील प्रदूषकांवर कायद्याने घातलेली मर्यादा अधिकृत चाचणीत पाळावयाची आणि प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र एंजिन निराळ्या रीतीने चालू द्यावयाचे, असा प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उघडकीस आला. त्याबद्दल १९९८ मध्ये सात एंजिन-निर्मात्यांवर झालेली कारवाई ही अवजड वाहनांच्या प्रदूषण-नियंत्रणाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय. चाचणी कशी घ्यावी, हा वरकरणी तांत्रिक वाटणारा प्रश्न सार्वजनिक आरोग्याशी किती निगडित असतो, हे तिच्यामुळे प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसून आले.

या प्रकाराचे मूळ डीझेल एंजिनाच्या कार्यपद्धतीतच आहे. सिलिंडरात दाबलेल्या तप्त हवेत इंधनाचे अंतःक्षेपण केले म्हणजे ते आपोआप पेट घेते. हे अंतःक्षेपण किंचित आधी केल्यास ज्वलन अधिक कार्यक्षम होऊन इंधन वाचते. पण त्याच वेळी तापमान वाढून हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने नायट्रोजनाची ऑक्साइडे अधिक प्रमाणात निर्माण होतात. उलट अंतःक्षेपणास विलंब केल्यास ही ऑक्साइडे घटतात, मात्र इंधन अधिक लागते व काजळीही वाढते. ही ऑक्साइडे सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बनांशी विक्रिया पावून जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो. तो फुप्फुसांस अपायकारक असून दमेकऱ्यांना व लहान मुलांना त्याचा विशेष त्रास होतो. अशा रीतीने मालमोटारीच्या मालकाचा लाभ व रस्त्यालगतच्या रहिवाशाचे आरोग्य यांचा विरोध एंजिनाच्या एका क्रियेत एकवटलेला असतो.

यांत्रिक पंपांच्या काळात अंतःक्षेपणाची वेळ हवी तशी बदलण्यास फारसा वाव नव्हता. १९८० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनीय नियंत्रण आले आणि ही वेळ संगणक क्षणोक्षणी ठरवू लागला. याच सुमारास मर्यादाही कडक होत गेल्या. अवजड डीझेल एंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा दर अश्वशक्ती-तासास १९९० मध्ये ६ ग्रॅ., १९९१ मध्ये ५ ग्रॅ. व १९९८ मध्ये ४ ग्रॅ. अशी उतरत गेली. काजळीचीही मर्यादा त्याच काळात खाली आणली गेली. चाचणीसाठी एंजिन वाहनातून वेगळे काढून शक्तिमापकावर बसवीत व सु. २० मिनिटांच्या ठरीव क्रमाने चालवीत. न्यूयॉर्क व लॉस अँजेल्स येथील वाहतुकीवरून हा क्रम बेतलेला असल्याने त्यात वेग व भार सतत बदलत असत. महामार्गावर मात्र मालमोटार तासन्‌तास जवळजवळ एकाच वेगाने धावते. वेग बराच काळ स्थिर राहिला की अंतःक्षेपण आधी करावे, अशी सूचना संगणकाच्या आज्ञावलीत होती. परिणामी चाचणीत मर्यादेत बसणारे एंजिन महामार्गावर परवानगीच्या तिपटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइडे सोडीत असे.

नियंत्रण-यंत्रणा निष्फळ करणाऱ्या प्रयुक्तीस स्वच्छ हवा अधिनियमाखाली बंदी होती व तिचा भंग हा नवाही नव्हता. फोक्सवॅगन कंपनीने १९७३ च्या मोटारींतील तापमानानुसार चालणाऱ्या कळींबाबत १९७४ मध्ये १ लक्ष २० हजार डॉलर भरून तडजोड केली होती. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक मोटारींत वातानुकूलन चालू होताच कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण वाढत असे, आणि चाचणी तर वातानुकूलन बंद ठेवून घेतली जाई. त्या कंपनीस १९९५ मध्ये १ कोटी १० लक्ष डॉलर दंड झाला व सु. ४ लक्ष ७० हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. मालमोटारींचे प्रकरण यांहून पुष्कळच मोठे ठरले.

२२ ऑक्टोबर १९९८ रोजी महान्यायवादी जॅनेट रेनो व पर्यावरण संरक्षण अभिकरणाच्या प्रशासक कॅरल ब्राउनर यांनी कॅटरपिलर, कमिन्स, डिट्रॉइट डीझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनॉ व व्होल्व्हो या निर्मात्यांशी झालेली तडजोड जाहीर केली. दहा वर्षांत विकलेली सु. १३ लक्ष एंजिने तिच्या कक्षेत होती. अभिकरणाच्या हिशेबाने केवळ १९९८ या एका वर्षात या एंजिनांनी १३ लक्ष टन जादा नायट्रोजन ऑक्साइडे हवेत सोडली. हे प्रमाण साडेसहा कोटी मोटारगाड्यांच्या उत्सर्जनाएवढे होते. दिवाणी दंडाची एकूण रक्कम ८ कोटी ३४ लक्ष डॉलर होती. तीपैकी कॅटरपिलर व कमिन्स यांच्या वाट्यास प्रत्येकी २ कोटी ५० लक्ष, मॅक व रेनॉ यांच्या वाट्यास मिळून १ कोटी ३० लक्ष, डिट्रॉइट डीझेलच्या १ कोटी २५ लक्ष, व्होल्व्होच्या ५० लक्ष व नॅव्हिस्टारच्या २९ लक्ष डॉलर आले. याखेरीज स्वच्छ एंजिने आणण्यासाठी ८५ कोटींहून अधिक व पर्यावरणविषयक प्रकल्पांसाठी सु. ११ कोटी डॉलर कंपन्यांनी खर्चावयाचे होते. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही. आपली आज्ञावली इंधन वाचविण्यासाठी असून नियमांत बसते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तडजोड झाल्यामुळे त्याचा न्यायालयीन निर्णय कधी लागलाच नाही.

त्या काळापर्यंत स्वच्छ हवा अधिनियमाखालील हा सर्वांत मोठा दंड म्हणून गाजला. तथापि १३ लक्ष एंजिनांवर तो विभागल्यास दर एंजिनामागे सु. ६४ डॉलर पडतात. लांब पल्ल्याच्या मालमोटारीस एक वेळ टाकी भरण्यास त्या वेळीही याहून अधिक खर्च येई. रस्त्यावरच्या एंजिनांबाबत तर तडजोड विशेषच सौम्य होती. त्यांतील आज्ञावली तत्काळ बदलण्याचे बंधन नव्हते. एंजिनाची मोठी दुरुस्ती निघेल तेव्हा ती बदलावयाची होती. अशी दुरुस्ती काही लक्ष मैलांच्या धावेनंतर येत असल्याने जुनी एंजिने पुढे कित्येक वर्षे तशीच धावत राहिली.

२००४ साठी ठरलेली मर्यादा या कंपन्यांनी ऑक्टोबर २००२ पासूनच, म्हणजे पंधरा महिने आधी, पाळावी अशीही अट होती. ती मुदत जवळ येताच वाहतूक कंपन्यांनी जुन्या धर्तीच्या मालमोटारींची आगाऊ खरेदी केली. बहुतेक निर्मात्यांनी निष्कास वायूचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरात सोडण्याची पद्धत स्वीकारली. कॅटरपिलरने वेगळा मार्ग निवडला. तिची एंजिने मुदतीत तयार न झाल्याने तिला काही काळ विकलेल्या प्रत्येक एंजिनामागे दंड भरावा लागला.

तडजोडीचे सर्वांत टिकाऊ फळ दंडाच्या रकमेत नव्हते. एंजिन ठरीव क्रमाबाहेर कोठेही चालले, तरी त्याने विशिष्ट मर्यादा ओलांडू नये हे तत्त्व तीतून रूढ झाले. धावत्या वाहनातच उत्सर्जन मोजणारी उपकरणे सिद्ध करण्याचे काम कंपन्यांच्या खर्चाने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे आले. याच विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे डीझेल मोटारगाड्यांची रस्त्यावर मोजणी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांवरून सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा गैरप्रकार उघड झाला. त्याचे पडसाद भारतातही उमटले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने गाड्यांच्या चाचण्या घेतल्या व डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर केले.

१९९८ च्या प्रकरणातील कमिन्स हे नाव २०२३ च्या अखेरीस पुन्हा पुढे आले. किर्लोस्कर कमिन्स या १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीमुळे ते पुण्यास परिचित आहे. या प्रकरणातील एंजिने मात्र अमेरिकेत विकल्या गेलेल्या राम जातीच्या पिकअप वाहनांतील होती. २०१३ ते २०२३ या वर्षांच्या सु. ९ लक्ष ६० हजार एंजिनांत निष्फळ करणाऱ्या किंवा अभिकरणास न कळविलेल्या नियंत्रण-प्रयुक्ती असल्याचा आरोप होता. २०२४ मध्ये कायम झालेल्या तडजोडीनुसार दंड १६७ कोटी ५० लक्ष डॉलर ठरला. दर एंजिनामागे तो सु. १,७४५ डॉलर येतो. याही वेळी कंपनीने दोष मान्य केला नाही.

जपानच्या हिनो मोटर्स या मालमोटार-निर्मात्या कंपनीचा अपराध याहून साधा, पण अधिक उघड होता.  चाचण्यांचे आकडेच खोटे दिले गेले होते. २०१० ते २०२२ या काळातील १ लक्ष ५ हजारांहून अधिक एंजिनांबाबतचा फौजदारी गुन्हा कंपनीने २०२५ मध्ये डिट्रॉइट येथील संघीय न्यायालयात कबूल केला. तिला सु. ५२ कोटी डॉलर फौजदारी दंड झाला व स्वतःची डीझेल एंजिने पाच वर्षे अमेरिकेत आणण्यास मनाई करण्यात आली.