बेलापूरचा किल्ला आणि शिशाची गोळी

पनवेलच्या खाडीवरील बेलापूरचा किल्ला आज नवी मुंबईच्या वस्तीने वेढलेला आहे. सिद्दी, पोर्तुगीज व मराठे या तिन्ही सत्तांच्या बंदुकांस लागणारे शिसे कोकणच्या भूमीत निघत नसे. ते समुद्रमार्गे येई. ईस्ट इंडिया कंपनी सुरतेस जो माल उतरवी, त्यातही ते असे.

हा धातू ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतो. त्यामुळे चूल, पळी आणि साचा एवढ्यावर घरबसल्या गोळी ओतता येई. धोकाही त्यामुळेच घरात आला. साचा किंचित ओला राहिला, तर पाण्याची एकाएकी वाफ होऊन तप्त रस अंगावर उडतो. रसावर येणारी राख हातास लागून पोटात जाते व शिसे वर्षानुवर्षे हाडांत साठते. आज्ञापत्राने दारूखाना वस्तीच्या घरापासून दूर ठेवविला, कारण दारूचा घात तत्क्षणी दिसतो. रसशास्त्र मात्र शिशास ‘नाग’ म्हणते आणि शोधनावाचून औषधात घेत नाही. वैद्याचे हे ज्ञान गोळी ओतणाऱ्याच्या चुलीपर्यंत कितपत पोचले असेल, याची शंकाच वाटते.

बारीक छर्ऱ्यांसाठी ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये एकस्व मिळविले. सोमल मिसळलेला रस चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडावयाचा, ही त्याची रीत. तिने हे काम चुलीवरून मनोऱ्यात नेले. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून दारूगोळा बनविण्यास मनाई आहे.