आठ तारांचा हिशेब

दुपारी सूनबाईंची ऑफिसची मीटिंग चालू असताना आवाज तुटला की मी जिन्यातूनच नातवाला ओरडायचो, "बंद कर रे तुझं डाउनलोड!" घरात ३०० मेगाबिटचं कनेक्शन, बिल भरतो मी, तेव्हा आरोप करण्याचा हक्कही माझाच, असा माझा समज.

एके दिवशी नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, इतिहास शिकवायचात ना? मग आधी पुरावा बघा." मास्तरांना हे झोंबणारच! वही घेतली, घराचा नकाशा काढला आणि नवी जोडणी आखायला बसलो. आखायची तर आधी इतिहास वाचावा, ही जुनी खोड.

तर मंडळी, या साऱ्याचं मूळ हवाई बेटांवर आहे. १९७१ साली तिथल्या विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. नाव ठेवलं 'अलोहानेट'. त्याचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत 'ईथरनेट'ची कल्पना मांडली. एकच केबल, तीवर अनेक संगणक. नियम वर्गातल्यासारखा : आधी ऐका, कुणी बोलत नसेल तर बोला. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलायचं. किती वेळाने, ते ज्याचं त्याने नशिबावर सोडायचं. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट.

पण एकच इंटरनेट घरातल्या सगळ्यांनी वापरायचं कसं? त्याची युक्ती १९९४ साली लिहिली गेली. ती वाड्यासारखी आहे. बाहेरच्या पोस्टमनला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक. कुठलं पत्र कुठल्या बिऱ्हाडाचं, हे दारावरचा माणूस लक्षात ठेवतो. आपला राउटर म्हणजे तो दारावरचा माणूस. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा ही युक्ती जेमतेम वर्षाची होती.

असो. वाचता वाचता एका ओळीवर थबकलो. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या चार पुरतात. १००० मेगाबिटला आठही लागतात.

आणि मला २००९ साल आठवलं. वरच्या मजल्यावर केबल नेताना वायरमनला मीच म्हणालो होतो, "चार तारा उरतात ना? मग त्यांवरच टेलिफोनचं एक्स्टेंशन वर न्या. वेगळी वायर कशाला?" तो टेलिफोन केव्हाच बंद झाला. तारा मात्र भिंतीत तशाच, रिकाम्या. १००० मेगाबिटचं मानक १९९९ सालीच आलं होतं, म्हणजे माझ्या त्या काटकसरीच्या दहा वर्षं आधी!

वरची खोली इतकी वर्षं १०० च्या आतच अडकली होती. नातवाने एक मोठी फाइल घेतली की सूनबाईंना जागाच उरत नसे. खाली ३०० येत होते, वर पोचत नव्हते.

दोन्ही टोकांचे सॉकेट बदलले, आठही तारा जोडल्या. खर्च नव्या प्लॅनच्या एका महिन्याच्या बिलाहूनही कमी. आता फाइलही उतरते आणि मीटिंगही चालते.

संध्याकाळी नातवाला म्हणालो, "चूक माझी होती रे." तो हसून म्हणाला, "पुरावा मिळाला ना?"

आयुष्यभर मुलांना सांगत आलो, पुराव्याशिवाय कुणाला दोषी ठरवू नका. घरात मात्र आठपैकी चारच तारा जोडून निकाल देत होतो.