लहान कुत्र्याला कुशिंग्ज झालाय? पहिल्या काही महिन्यांत काय करायचं आणि काय टाळायचं

पाण्याचं भांडं भरून ठेवलं की थोड्या वेळात रिकामं. रात्री दोन-तीनदा दाराशी उभं राहून कुईकुई. कधी नव्हे ते गादीवर शू. पोट सुटलंय, पाठीवरचे केस विरळ झालेत आणि भूक मात्र जबरदस्त. घरातले म्हणतात, "वय झालं आता त्याचं." मग एक दिवस रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर कधी न ऐकलेलं नाव घेतात : कुशिंग्ज.

हा आजार बहुतेक वेळा पूर्ण बरा होत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. मात्र दोन चुका कुत्र्याला महागात पडू शकतात. एक म्हणजे जास्त शू करतो म्हणून त्याचं पाणी तोडणं. दुसरी म्हणजे तो उलट्या करत असताना, जेवत नसतानाही नेमाने गोळी देत राहणं. असं का, ते समजून घेऊ.

कुशिंग्ज म्हणजे नेमकं काय?

कुत्र्याच्या दोन्ही किडन्यांजवळ एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अ‍ॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. ती कॉर्टिसॉल नावाचं हॉर्मोन बनवते. ताण आला, आजारपण आलं की शरीराला सावरायला हे हॉर्मोन लागतंच. पण ते महिनोन्महिने गरजेपेक्षा जास्त बनत राहिलं, तर स्नायू झिजतात, कातडी पातळ होते आणि रोगप्रतिकारशक्ती कमी होते. यालाच कुशिंग्ज म्हणतात. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांमधल्या अशा आजाराचं वर्णन केलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं.

याचे तीन प्रकार आहेत.

१. पिट्यूटरीमुळे होणारा : आपोआप होणाऱ्या कुशिंग्जपैकी साधारण ८० ते ८५ टक्के केसेस या प्रकारच्या असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत गाठ होते आणि ती अ‍ॅड्रिनलला सतत "बनव, अजून बनव" असा निरोप धाडत राहते. ही गाठ बहुतेकदा अगदी लहान असते आणि कॅन्सरची नसते.

२. अ‍ॅड्रिनलमुळे होणारा : उरलेल्या १५ ते २० टक्के केसेसमध्ये गाठ थेट अ‍ॅड्रिनल ग्रंथीतच असते. ती साधीही असू शकते, कॅन्सरचीही.

३. औषधामुळे होणारा : खाज, अ‍ॅलर्जी किंवा कानाच्या त्रासासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शनं, थेंब बराच काळ चालू असतील तर लक्षणं हुबेहूब कुशिंग्जची दिसतात. तुम्ही स्वतःच्या हातापायाला स्टेरॉइड असलेलं मलम लावत असाल आणि कुत्रा ती जागा चाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. पण चालू असलेलं स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे अचानक बंद केल्यास कुत्रा कोसळू शकतो. डोस हळूहळू कमी करावा लागतो.

लहान कुत्र्यांमध्ये लक्षात यायला उशीर का होतो?

हा आजार मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचा. पूडल, डॅशहुंड आणि टेरियर जातींमध्ये तो जास्त दिसतो. पिट्यूटरीचा प्रकार तर २० किलोपेक्षा कमी वजनाच्या कुत्र्यांमध्येच जास्त आढळतो. लक्षणं हळूहळू वाढतात आणि ती म्हातारपणासारखीच दिसतात : धाप लागणं, सोफ्यावर उडी न मारता येणं, दिवसभर झोपणं, पोट लोंबणं. त्यात भूक वाढलेली असते. आपल्याकडे "चांगलं खातोय म्हणजे ठणठणीत आहे" हा समज पक्का, म्हणून मग कुणी लक्ष देत नाही.

पाणी मोजणं ही घरच्या घरी करता येणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट. सकाळी एक लिटरची बाटली भरा, दिवसभर त्यातूनच भांडं भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत व भांड्यात किती उरलं ते बघा. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. म्हणजे ६ किलोच्या कुत्र्यासाठी ६०० मिली. सलग तीन दिवस मोजा आणि आकडे लिहून ठेवा.

एका टेस्टवर निदान का होत नाही?

कारण कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होत असतं. दवाखान्यातल्या भीतीनेही ते वाढतं. त्यामुळे एकदाच रक्त काढून मोजलेल्या कॉर्टिसॉलवर कुशिंग्ज ठरवता येत नाही. साध्या रक्ततपासणीत एएलपी हे एन्झाइम आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसतं, लघवी पातळ असते. पण हे फक्त इशारे आहेत.

पक्कं करण्यासाठी दोन टेस्ट जास्त वापरल्या जातात. एकीत डेक्सामेथासोनचा अगदी कमी डोस देऊन ८ तासांत तीनदा रक्त घेतात. दुसरीत एसीटीएच हॉर्मोनचं इंजेक्शन देऊन आधी आणि तासाभराने रक्त घेतात. सोबत पोटाची सोनोग्राफी केली की अ‍ॅड्रिनल ग्रंथी कशा दिसतात, ते कळतं. कुत्र्याला दुसरा मोठा आजार असेल, तर या टेस्ट खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. म्हणून लक्षणं नसताना केवळ एक आकडा वाढलाय म्हणून औषध सुरू करत नाहीत.

औषध नेमकं काय करतं?

सध्या सर्वात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे ट्रायलोस्टेन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्याला कुत्र्यांसाठी मान्यता दिली. कॉर्टिसॉल बनवण्यासाठी लागणारं एक एन्झाइम ते अडवतं. गाठ तशीच राहते, त्यामुळे औषध सहसा आयुष्यभर चालतं. मायटोटेन हे जुनं औषध अ‍ॅड्रिनलच्या पेशीच नष्ट करतं, म्हणून ते फार जपून वापरावं लागतं. अ‍ॅड्रिनलची गाठ असेल तर ऑपरेशनचा पर्यायही असतो.

ट्रायलोस्टेन देताना हे नियम पाळा :

- गोळी नेहमी जेवणासोबतच. पोटात अन्न असलं की औषध नीट शोषलं जातं.
- रोजची वेळ ठरलेली. एखादा डोस चुकला तर पुढचा डोस नेहमीच्या वेळी द्या, दुप्पट देऊ नका.
- कॅप्सूल फोडून पावडर अर्धी करू नका. लहान कुत्र्यासाठी कमी ताकदीच्या कॅप्सूल असतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.
- हात धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ही कॅप्सूल हाताळू नये.
- हृदयाचं औषध चालू असेल तर आधीच सांगा. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांना हृदयाच्या झडपेचा त्रास वारंवार होतो आणि त्यासाठी एनालाप्रिल, बेनाझेप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन दिलं जातं. या औषधांसोबत ट्रायलोस्टेन दिल्यास रक्तातलं पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. किडनी किंवा लिव्हरचा आजार असेल तर तेही सांगा.

हे दिसलं तर गोळी थांबवा आणि फोन करा

औषध जास्त झालं तर उलटा प्रकार होतो. कॉर्टिसॉल इतकं घटतं की शरीराला साधा ताणही झेपत नाही. त्याची चिन्हं अशी :

- जेवण नाकारणं
- उलट्या किंवा जुलाब
- एकदम गळून जाणं, थरथरणं
- उभं राहता न येणं, कोसळणं

कुशिंग्जचा कुत्रा खाण्यावर तुटून पडतो. म्हणूनच त्याने बिस्किटाकडेही ढुंकून पाहिलं नाही, तर ती धोक्याची घंटा समजा. त्या दिवशीची गोळी देऊ नका आणि लगेच डॉक्टरांशी बोला. कुत्रा कोसळला असेल तर फोनवर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. तिथे सलाइन आणि स्टेरॉइड देऊन, पोटॅशियम-सोडियम तपासून त्याला सावरता येतं. वेळ गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच फ्रिजवर लावून ठेवा.

घरात काय बदलायचं?

*पाणी :* कधीही तोडू नका. कुशिंग्जमध्ये किडन्या पाणी धरून ठेवू शकत नाहीत. लघवी जास्त होते म्हणून तहान लागते. भांडं उचलून ठेवलं तर लघवी थांबत नाही, शरीरातलं पाणी मात्र घटतं. त्यापेक्षा बाहेर न्यायच्या फेऱ्या वाढवा, दाराजवळ किंवा बाल्कनीत पी पॅड ठेवा. घरात शू केली म्हणून ओरडू नका, ते त्याच्या हातात नाही.

*फरशी :* मांड्यांचे स्नायू कमजोर झालेले असतात. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात. भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. जिने चढायला लावू नका, उचलून घ्या.

*उन्हाळा :* या कुत्र्यांना मुळातच धाप लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात त्यांना फिरायला फक्त पहाटे आणि रात्री न्या.

*कातडी :* ती पातळ होते, लवकर फाटते आणि जखम हळू भरते. फोड, काळे ठिपके, कडक चकंदळं दिसली तर दाखवा. पावसाळ्यात पोटाखालचा भाग कोरडा ठेवा. शू करताना जोर लावतोय किंवा लघवीला रक्त दिसतंय, तर लघवीचा संसर्ग तपासून घ्या.

*खाणं :* चांगलं प्रोटीन, कमी चरबी. तुपातली पोळी, साय, तळलेलं बंद. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका तर कुठल्याच कुत्र्याला नकोत. भूक भागत नसेल तर तेवढंच जेवण तीन-चार वेळांत वाटून द्या. कचऱ्याचा डबा झाकून ठेवा आणि आजी-आजोबांनाही सांगून ठेवा : तो भुकेलेला दिसतो, ते आजारामुळे.

फरक कधी दिसतो?

तहान, लघवी आणि भूक साधारण पहिल्या काही आठवड्यांत कमी व्हायला लागते. केस आणि कातडी सुधारायला ३ ते ६ महिने लागू शकतात. सुरुवातीला जुने केस गळून कुत्रा आणखी विचित्र दिसू शकतो, घाबरू नका.

पहिली फेरतपासणी साधारण १० ते १४ दिवसांनी, मग महिन्याने आणि पुढे दर तीन महिन्यांनी होते. डोस बदलला की हे चक्र पुन्हा सुरू होतं. एसीटीएच टेस्ट असेल तर गोळी दिल्यानंतर ठरावीक तासांनीच रक्त घ्यावं लागतं. म्हणून त्या दिवशी सकाळी गोळी आणि जेवण द्यायचं का, किती वाजता, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. डॉक्टरांनी रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगितलं तर टाळू नका. या आजारात दोन्ही बिघडू शकतात, मधुमेहही जडू शकतो.

उपचार करायलाच हवेत का?

प्रश्न अवघड आहे, पण विचारायला लाजू नका. औषध आणि टेस्ट यांचा खर्च कायमचा आहे. लक्षणं अगदी सौम्य असतील तर काही डॉक्टर थांबून लक्ष ठेवायला सांगतात. १३-१४ वर्षांच्या, दुसऱ्याही आजारांनी थकलेल्या कुत्र्याचं गणित वेगळं असतं. औषधाने आयुष्य किती वाढतं यापेक्षा रोजचा दिवस किती सुसह्य होतो, हे बघणं जास्त शहाणपणाचं. नीट औषध चालू असलेले अनेक कुत्रे निदानानंतर दोन वर्षं आणि त्याहून जास्तही चांगले जगतात. मात्र चक्रावल्यासारखं फिरणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, खाणं सोडणं असं दिसलं, तर पिट्यूटरीची गाठ वाढली असण्याची शक्यता असते. ते लगेच सांगा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. आमच्या कुत्र्याचा प्रकार पिट्यूटरीचा आहे की अ‍ॅड्रिनलचा?
२. आत्ता चालू असलेल्या इतर औषधांसोबत ही गोळी चालेल का?
३. पुढची टेस्ट कधी आणि गोळीनंतर किती तासांनी?
४. औषध आणि टेस्ट मिळून वर्षाचा खर्च किती धरायचा?
५. रात्री-अपरात्री तो कोसळला, तर आम्ही त्याला कुठे न्यायचं?