जेतेपद गिरणीचं, खाणीचं आणि डोंगराचं

साल १९९७. पंजाबातल्या फगवाड्यात जेसीटी कापड गिरणीच्या फाटकाशी तुम्ही उभे आहात. पाळी सुटली आहे, सायकली बाहेर पडताहेत आणि ज्याच्या त्याच्या तोंडी फुटबॉल आहे. देशात संतोष ट्रॉफी आहे, ड्युरंड आहे, मुंबईत १८९१ पासूनचा रोव्हर्स कप आहे. पण देशभरातल्या क्लबांनी महिनोन्‌महिने खेळून वर्षाचा एकच विजेता ठरवायचा, हे आत्ता कुठे, १९९६ च्या अखेरीस सुरू झालंय. नाव नॅशनल फुटबॉल लीग. आणि पहिलं जेतेपद कोलकात्याला न जाता या गिरणीकडे आलंय. सिक्कीमचा वीस वर्षांचा बायचुंग भुतिया १४ गोल मारून सगळ्यांच्या पुढे. जोडीला केरळचा आय. एम. विजयन. शेजारच्या कामगाराला विचारलंत तर तो छाती फुगवून सांगेल, संघ आमचा आहे. २०११ मध्ये कंपनी हा संघ बंद करणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला सांगू नका.

पुढची काही वर्षं झपझप ओलांडा. मोहन बागान तीनदा, ईस्ट बंगाल तीनदा. मध्येच १९९८-९९ मध्ये गोव्याचा साळगावकर.

आता २००५ मध्ये उतरा. मडगावचं फातोर्डा. मैदानाबाहेर चोरिस-पावाचा वास, आत कोंकणीतून आरडाओरडा. निळ्या जर्सीतला धेंपो आज हरवण्याजोगा दिसत नाही, पण हा संघ एका मरणातून उठून आलाय. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल मारताना क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूची गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो गेला. धेंपोने कप जिंकला, १० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली आणि आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली लीगही जिंकली. दुसरा आला तोही गोव्याचाच, स्पोर्टिंग क्लब. इथून गोव्याचा काळ सुरू होतो. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात जेतेपदं गोव्याबाहेर जात नाहीत: चार धेंपोची, दोन चर्चिल ब्रदर्सची, एक साळगावकरची. २००७ मध्ये लीगचं नाव आय-लीग झालं, तरी चषकाचा पत्ता बदलला नाही. लोकसंख्या जेमतेम पंधरा लाखांची, आणि पहिल्या सतरा हंगामांतली नऊ जेतेपदं तिथली. धेंपो आणि साळगावकर ही नावं खाणमालक घराण्यांची. ट्रॉलरवरचा तांडेल आणि बँकेतला कारकून एकाच बाकावर बसून ओरडतात. खर्च मात्र मालक उचलतो.

गोव्याच्या या घोडदौडीला सुरुवात होण्याआधी एक वर्ष मुंबईचं होतं. २००६ च्या उन्हाळ्यात कूपरेजवर या. चर्चगेटला उतरा, ओव्हल मैदानाच्या कडेने चालत जा. घामाने शर्ट पाठीला चिकटलाय. लाल जर्सीत महिंद्रा युनायटेड आहे; हल्ल्यात ब्राझीलचा होजे बारेटो आणि घानाचा युसुफ याकुबू, उजव्या बगलेवरून धावणारा मुंबईचा स्टीव्हन डायस, आणि रेषेबाहेर गोव्याचे प्रशिक्षक डेरिक परेरा. फेडरेशन कप त्यांनी आधीच खिशात घातलाय, आता लीगही. क्रिकेटच्या या शहरात, ब्रेबर्न आणि वानखेडेपासून हाकेच्या अंतरावर, भारताचा फुटबॉल विजेता राहतो आणि बसस्टॉपवरच्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. एकेकाळी याच मैदानावर मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, टाटा यांचे संघ भिडायचे. गिरण्या गेल्या, त्यांचे संघ गेले. चार वर्षांनी, २०१० मध्ये, महिंद्राही आपला संघ बंद करील. कंपनी बुडालेली नाही, तिच्या गाड्या खपताहेत. फक्त ठरलं की संघ नको.

आता सर्वांत लांबची उडी. ३० एप्रिल २०१७, शिलाँग. गॅलरीत मिझो पोरं-पोरी लाल टी-शर्टात खच्चून भरली आहेत. डोंगरांतून रात्रभर सुमोत हाडं खिळखिळी करून इथवर आली आहेत. आय-लीगच्या जेतेपदासाठी ऐजॉल एफसीला बरोबरी पुरे. नवव्या मिनिटाला शिलाँग लाजाँग गोल करतो आणि तुमच्या आसपास सन्नाटा पसरतो. तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना जिंकायच्या मागे आहे. हे असंच राहिलं तर सगळं गेलं. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला बरोबरी साधतो आणि ओळखपाळख नसलेला कुणी तरी तुमच्या गळ्यात पडतो. ऐजॉल ३७ गुण, बागान ३६. आदल्या हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत घसरला होता, क्लब कमी पडले म्हणून परत घेतला गेला. रेषेबाहेर उभे आहेत प्रशिक्षक खालिद जमील. महिंद्राकडून खेळलेला, सात वर्षं मुंबई एफसीला सांभाळून तिथून बाहेर पडलेला माणूस. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाते आणि मुंबईचं नाव आय-लीगमधून पुसलं जातं. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन २०१६ मध्येच लीगमधून अंग काढून घेतलेलं असतं.

कारण पैसा आता दुसरीकडे आहे. २०१४ पासून फ्रँचायझींची इंडियन सुपर लीग सुरू झालीये आणि २०२२-२३ पासून अव्वल श्रेणीचा मान एकट्या तिचाच. शेवटचा थांबा घ्या: १३ मार्च २०२१, पुन्हा फातोर्डा. कोविडमुळे अख्खा हंगाम गोव्यात, बंद दारांआड. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंग गोल मारतो, मुंबई सिटी एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून पहिल्यांदा विजेती होते. ज्या फातोर्डाने इतकी जेतेपदं पाहिली, तिथे मुंबई जिंकतेय आणि टाळी वाजवायला गॅलरीत एकही माणूस नाही.

आता परत या आणि विजेत्यांची यादी पुन्हा वाचा. जेसीटी आज नाही, महिंद्रा नाही. साळगावकर राष्ट्रीय लीगमध्ये नाही; धेंपो परतला, पण वरच्या श्रेणीत नाही. १८८९ चा मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल मात्र गुंतवणूकदार बदलत, भांडत-तंडत अजून वरच्या श्रेणीत आहेत, कारण त्यांच्यामागे सभासद आहेत आणि दर आठवड्याला शिव्या घालायला येणारे हजारो लोक आहेत. मालक चषक आणू शकतो. क्लब टिकवतात ते प्रेक्षक. तेव्हा पुढच्या वेळी कूपरेजवर किंवा फातोर्डाला सामना असेल, तर टीव्ही बंद करा आणि तिकीट काढा.