विद्यावेतन

यवतमाळला १९८९ साली मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा आपण चौथीत होतो. पुढे आपल्यातले काहीजण डॉक्टर झाले. मी कॉम्प्युटरकडे वळले, तरी हा विषय घरातूनच माझ्याकडे आला.

ऑगस्ट २०२४. कोलकात्याच्या घटनेनंतर राज्यातले निवासी डॉक्टर संपावर गेले. दुसऱ्या शहरात एमडी करणाऱ्या भाचीचा फोन आला, "मावशी, संपात माझी टर्म तर जाणार नाही ना?"

प्रश्न जुनाच आहे. निवासी डॉक्टर म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी. मेडिकल कौन्सिलच्या २००० सालच्या नियमांत पूर्णवेळ निवासी काम, वर्षाला किमान ८० टक्के हजेरी आणि परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध, असं सगळं एकत्रच होतं. म्हणजे काम हाच अभ्यास. मिळतं त्याला विद्यावेतन म्हणतात. विद्या कुठे संपते आणि वेतन कुठे सुरू होतं, ते कुणी सांगावं?

मार्च २०१७ मध्ये धुळ्याला एका डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. सरकारने सहा महिन्यांचा पगार कापण्याचा इशारा दिला, हायकोर्टानेही सुनावलं. पगार कापताना ते नोकर, हजेरी मोजताना मात्र विद्यार्थी!

मग हे आपल्याच गावात आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मेडिकलच्या आवारात एका शिकाऊ डॉक्टरचा खून झाला, मुलांनी काम थांबवलं. जानेवारी २०२३ मध्ये तिथेच निवासी डॉक्टरवर चाकूहल्ला झाला. मागणी सुरक्षेची होती. पांढरकवडा, आर्णी, घाटंजीहून आलेल्या पेशंटचे हाल झाले, हेही खरंच.

हे फक्त आपल्याकडेच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणारे आणि संशोधन करणारे सुमारे ४८ हजार जण संपावर गेले, त्यांत पीएचडीचे विद्यार्थी खूप होते. पगारी संशोधन आणि स्वतःचा प्रबंध एकच असेल, तर नेमकं काय थांबवायचं, हा पेच तिथेही होता.

गिरणी कामगाराचा संपात पगार जायचा. यांचा अभ्यासही जातो. शिवाय काम देणारे आणि प्रबंधावर सही करणारे बहुधा एकच. आपल्यातले जे आज गाईड आहेत, त्यांना विनंती: हजेरीचं आणि मुदतीचं काय होणार, ते पहिल्याच दिवशी मुलांना स्पष्ट सांगा. टांगणीला लावू नका.

भाचीची टर्म वाचली. दिवसा धरणं, रात्री इमर्जन्सीत ड्युटी असे तिचे दिवस गेले. प्रबंधाचे पेशंट मात्र ओपीडीतले. ओपीडी बंद होती तेवढे दिवस एकही मिळाला नाही, ते तिने दिवाळीची सुट्टी सोडून पूर्ण केले.