बिटकॉइनची चावी अंदाजाने सापडते का? जाणून घ्या

बिटकॉइनची 'प्रायव्हेट की' म्हणजे एक गुप्त आकडा. तो ज्याच्या हाती, पैसे त्याचे. मग कॉम्प्युटरवर एकेक आकडा तपासत गेलं तर दुसऱ्याची चावी सापडेल का?

चार आकडी पिनचे पर्याय १०,००० असतात. प्रायव्हेट की मात्र नाणं २५६ वेळा उडवून छापा-काटा लिहावा, तशी बनते. तिच्या पर्यायांची संख्याच ७८ अंकी! जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी पुरे पडणार नाहीत.

पण नाणंच खोटं निघालं तर? 'लिबबिटकॉइन एक्सप्लोरर' हे टूल रँडम आकडा घड्याळाच्या वेळेवरून काढायचं. त्यामुळे पर्याय उरले जेमतेम ४२९ कोटी. घरचा कॉम्प्युटरही ते काही दिवसांत तपासतो. २०२३ मध्ये चोरांनी अशी वॉलेट रिकामी केली.

लक्षात ठेवा :
• नाव, जन्मतारीख किंवा मनातल्या वाक्यावरून चावी बनवू नका.
• 'हरवलेल्या चाव्या शोधणारं ॲप' म्हणून कोणी पैसे मागितले, तर ती फसवणूकच समजा.
• पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.