महताब बाग व काळ्या ताजाची दंतकथा

आग्र्यास जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा दोनच स्थळें पाहून परततो. एक ताजमहाल, व दुसरें तेथील किल्ला; कारण त्या किल्ल्यांत ता. १२ मे १६६६ रोजीं शिवछत्रपति औरंगजेबाच्या दरबारीं उभे राहिले होते. यमुनेच्या पलीकडील तीरावर, ताजाच्या अगदीं समोर, जी एक विस्तीर्ण चौरस बाग आहे तिच्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. आणि जे तेथवर जातात त्यांपैकीं पुष्कळ जण शहाजहानच्या ‘काळ्या ताजा’चा पाया पाहावा म्हणून जातात. या बागेचें थोडक्यांत वर्णन करून, तिजविषयींच्या या दंतकथेस कागदाचा व जमिनीचा आधार कितपत आहे याचा विचार करावा, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थळाची पार्श्वभूमि पाहूं. मोगलांचें आग्रा हें खरें पाहतां नदीकांठच्या बागांचें नगर होतें. इ. स. १५२६ मध्यें पानिपतच्या विजयानंतर बाबर आग्र्यास आला, तेव्हां यमुनेपलीकडील सपाट व रुक्ष भूमि पाहून तो खिन्न झाला. तरीहि त्यानें तेथेंच विहिरी, हौद व आंखीव बागा करविल्या. त्याच्या सरदारांनींहि तसेंच केलें. असली रेखीव उपवनें लोकांनीं पूर्वीं पाहिलेलीं नसल्यामुळें ते त्या तीरास ‘काबूल’ म्हणूं लागले, असें बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. पुढें दीडशें वर्षें बादशहा, बेगमा व अमीरउमराव यांनीं दोन्ही तीरांवर बागा व हवेल्या बांधल्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील एक नकाशा जयपूरच्या संग्रहालयांत आहे. त्यांत ही सर्व हार नांवांसह दाखविलेली असून एब्बा कॉख या विदुषीनें २००६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचा चांगला उपयोग केला आहे.

ज्यास पायीं हिंडण्याचें सामर्थ्य आहे त्यानें डाव्या तीरानें उत्तरेकडून दक्षिणेकडे यावें. प्रथम रामबाग लागते; नंतर इ. स. १६३९ मध्यें वारलेल्या अफझलखान शिराझी या वजिराची ‘चिनी का रौझा’ नांवाची कबर. मग नूरजहानच्या मातापित्यांची, इतिमादुद्दौल्याची म्हणून प्रसिद्ध असलेली, संगमरवरी कबर. आणि शेवटीं कछपुरा गांवाजवळ महताब बाग. गांवांत हुमायूनच्या काळची एक मशीदहि आहे. या क्रमानें आलें म्हणजे ताजमहाल हा एकाकी चमत्कार नसून, शंभर वर्षें चाललेल्या एका परंपरेचा तो परमोत्कर्ष आहे, हें पायांनाच कळतें. ग्रंथांतून तें इतकें स्पष्ट कळत नाहीं.

महताब बाग सुमारें तीनशें मीटर लांब व तितकीच रुंद आहे. तिची रुंदी समोरील ताजाच्या आवाराशीं जुळते, व ताजाच्या मध्यावरून उत्तरेस रेषा ओढल्यास ती नदी ओलांडून या बागेच्या मध्यावरून जाते. चार कोंपऱ्यांवर तांबड्या दगडाचे चार बुरूज होते; त्यांतील आग्नेयेचा तेवढा शिल्लक आहे. दक्षिणेस, नदीच्या बाजूस, एक मोठा अष्टकोनी हौद असून त्यांत पंचवीस कारंजीं होतीं. बागेंत चालण्यास वाटा आहेत. आणि नदीकांठीं येतांच पाण्यापलीकडे ताज मागील बाजूनें, कोणताहि आडपडदा न राहतां, चबुतऱ्यासकट दृष्टीस पडतो. सूर्यास्ताच्या सुमारास हें दृश्य विशेष रमणीय असतें.

नांवाविषयीं दोन शब्द. ‘महताब’ म्हणजे चांदणें. जुन्या मराठींत दारूकामांतील चंद्रज्योतीसहि हाच शब्द आहे. अमरकोशांत मनुष्यानें लावलेल्या वनास आराम, राजाच्या सर्वसामान्य क्रीडावनास उद्यान व अंतःपुरास योग्य अशा वनास प्रमदवन म्हटलें आहे. आपल्या कोशकारांनीं उपभोक्त्यावरून भेद केला. येथें नांव देणाऱ्यानें वेळेवरून केला. ही बाग रात्रीं, चांदण्यांत बसण्यासाठीं केलेली होती, हें तिचें नांवच सांगतें.

आतां दंतकथा. शहाजहानला स्वतःसाठीं पलीकडील तीरावर काळ्या संगमरवराचा दुसरा ताज बांधावयाचा होता, परंतु १६५८ मध्यें औरंगजेबानें त्यास कैदेंत टाकल्यामुळें तो बेत राहून गेला, असें सांगतात. तिचें मूळ फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच्या प्रवासवृत्तांत आहे. बादशहानें नदीपलीकडे आपली कबर बांधण्यास आरंभ केला होता, पण पुत्रांशीं झालेल्या युद्धामुळें तें काम थांबलें, अशा आशयाचें त्यानें लिहिलें आहे. हा साक्षीदार समकालीन असून आग्रा त्यानें स्वतः पाहिलें होतें. म्हणून त्याचें म्हणणें केवळ हंसण्यावारीं नेतां येत नाहीं. त्याच्या पुष्ट्यर्थ आणखी दोन गोष्टी पुढें करतात. पहिली, बागेंत आढळणारे काळे दगड; दुसरी, ताजांत मुमताजची कबर बरोबर मध्यावर असून शहाजहानची एका बाजूस आहे, यावरून ती मागाहून दाटीनें बसविली असावी, ही.

यांतील दुसरें प्रमाण प्रथम घेऊं. इतिमादुद्दौल्याच्या कबरींतहि आधीं वारलेली पत्नी मध्यावर व पति बाजूस अशीच रचना आहे. आणि तें बांधकाम ताजाच्या आरंभापूर्वीं, १६२८ पर्यंत पुरें झालें होतें. जी रचना घराण्याच्या आप्तांच्या कबरींत पूर्वीं होऊन गेली, तिच्यावरून दुसऱ्या इमारतीचा बेत सिद्ध होत नाहीं. न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर हा हेतु व्यभिचारी आहे.

काळ्या दगडांचा प्रश्न जमिनीनेंच सोडविला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुरातत्त्व खात्यानें येथें उत्खनन केलें; अमेरिकन अभ्यासकांनींहि त्यांच्याबरोबर पाहणी केली, व तिची हकीकत एलिझाबेथ मॉयनिहन यांनीं संपादिलेल्या २००० सालच्या ग्रंथांत आली आहे. गाळाखालीं कबरीचा पाया निघाला नाहीं; निघाला तो हौद, कारंजीं व पाण्याची योजना. काळे म्हणून दाखविले जाणारे दगड मूळचे पांढरे असून कालांतरानें काळवंडलेले होते.

परंतु सर्वांत निर्णायक प्रमाण कागदाचें आहे, आणि तें खुद्द औरंगजेबाचें आहे. इ. स. १६५२ च्या डिसेंबरांत, दक्षिणच्या सुभेदारीवर येत असतां, शहाजादा औरंगजेब आग्र्यास थांबला व त्यानें बापास पत्र लिहिलें. त्यांत पावसानें ताजाचा घुमट उत्तरेकडून गळूं लागल्याची तक्रार आहे, आणि त्याच पत्रांत महताब बाग पुराखालीं बुडाल्यामुळें तिची शोभा गेली, पाणी ओसरल्यावर ती परत येईल, मात्र अष्टकोनी हौद व त्याभोंवतींचा बंगला उत्तम स्थितींत आहेत, असें त्यानें कळविलें आहे. म्हणजे पुत्रांचें युद्ध सुरू होण्यापूर्वीं पांच वर्षें ही जागा बाग म्हणून पूर्ण झालेली होती, तिचें नांव महताब बाग हेंच होतें, व तींत तोच हौद होता जो पुढें खणून निघाला. पत्र व जमीन परस्परांची साक्ष देतात. अशा एकवाक्यतेपुढें ताव्हर्नियेचें वाक्य टिकत नाहीं. नदीपलीकडे कांहीं बांधकाम त्यास दिसलें असेल. तें कबर होती हें मात्र त्याचें ऐकीव असावें.

एक गोष्ट मात्र लक्षांत घेण्यासारखी आहे. हा हौद नेमका अशा ठिकाणीं आहे कीं समोरील शुभ्र इमारतीचें प्रतिबिंब त्यांत पडावें. रात्रीच्या पाण्यांत पांढरें प्रतिबिंबहि सांवळें दिसतें. काळा ताज कोठें होता असें कोणास म्हणावयाचेंच असेल, तर त्यानें तो त्या पाण्यांत होता असें म्हणावें. ज्या नदीमुळें ही जागा निवडली तिनेंच पुढें बाग गाळाखालीं गाडली. आणि त्या गाळानेंच हौदाचे अवशेष आपल्यापर्यंत राखून ठेविले.

येथवरचें विवेचन परक्यांच्या कथेविषयीं झालें. आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. ज्या भूमीवर ताज उभा आहे ती राजा मानसिंहाच्या घराण्याची होती, व ती मिर्झाराजे जयसिंहाकडून घेऊन तिच्या बदल्यांत त्यास चार हवेल्या देण्यांत आल्या. त्याविषयींचें डिसेंबर १६३३ चें फर्मान उपलब्ध आहे. याच जयसिंहानें पुरंदरचा तह केला, व याचाच पुत्र रामसिंह आग्र्यास शिवाजीमहाराजांचा जामीन होता. शहाजहान जानेवारी १६६६ मध्यें वारला. त्यानंतर चार महिन्यांनीं महाराज आग्र्यास पोंचले, व ता. १७ ऑगस्ट रोजीं निसटले. पुढें १७८५ मध्यें महादजी शिंद्यांनीं आग्रा घेतलें, १७८८ च्या वेढ्यांत लखबादादा लाडानें किल्ला राखला, आणि १८०३ मध्यें जनरल लेकनें तो इंग्रजांकडे नेला.

या मराठी अमदानीचें स्मारक म्हणून रामबागेचें नांव पुष्कळदां सांगतात. मूळ नांव नूरअफशान; त्याचें आरामबाग व पुढें मराठ्यांनीं रामबाग केलें, अशी कथा आहे. ती आपणांस गोड वाटते. परंतु आराम हा शब्द फारसींत विश्रांतिवाचक व संस्कृतांत उपवनवाचक आहे. ‘आरामबाग’ची ‘रामबाग’ होण्यास कोणाच्या राज्याची गरज नाहीं, लोकांची जीभ पुरे. शहाजहानच्या कथेस आपण जो न्याय लावला तोच या कथेसहि लावावा लागेल: समकालीन कागद दाखवावा, अथवा आग्रह सोडावा. दुसऱ्याच्या दंतकथेस कसोटी आणि आपलीस ओंवाळणी, ही रीत संशोधनाची नव्हे.

म्हणून आग्र्यास जाणाऱ्या इतिहासप्रेमी वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, त्यांनीं एक सायंकाळ पलीकडील तीरासाठीं राखून ठेवावी, औरंगजेबाच्या त्या पत्राचा आशय मनांत ठेवून हौदापासून नदीपर्यंत चालावें, व समोर पाहावें. तेथें दुसरा ताज नाहीं. परंतु एक खरें पत्र व एक खरा हौद एकमेकांस जुळतांना पाहण्याचा जो आनंद आहे, तो त्या कल्पित इमारतीपेक्षां कमी नाहीं.